बिनतिखटाची दोन वर्षं

मथूताईंच्या तोंडाला सगळं धरमपेठ ओळखून होतं. भाजीवाला त्यांच्या फाटकाशी टोपली उतरवायच्या आधीच भाव कमी करून सांगायचा. गल्लीतल्या पोरांचा चेंडू त्यांच्या अंगणात गेला, तर पोरं त्या चेंडूवर पाणी सोडायची. मथूताई म्हणजे डॉक्टर श्रीपाद वझलवारांच्या थोरल्या बहीण. लग्नानंतर लवकरच त्या विधवा होऊन माहेरी आल्या, आई गेल्यावर धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं, आणि भावाने पुढे लग्न केलं नाही. घरात ही दोघंच.

मी दातांच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. वझलवार तिथे तोंडाच्या रोगांचे प्राध्यापक. परदेशातून आलेली नियतकालिकं रविवारी त्यांच्या घरी पोचवायची आणि तिथेच जेवून परतायचं, असा माझा वर्षानुवर्षांचा क्रम होता. मला चारचौघांत बोलता येत नाही. ताईंना ते पहिल्याच रविवारी कळलं.

"पाचखेडेजी, सगळी लायब्ररी तोंडात भरून ठेवली का तुम्ही? एखादं पुस्तक तरी बाहेर काढा!"

मी हसलो आणि आणखी घट्ट मिटून बसलो. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. दोघांचं बोलणं त्या एकट्या बोलायच्या.

जेवण तिखट असायचं. वडाभात, त्यावर लाल मिरचीची कढत फोडणी, पाटवडीचा रस्सा, आणि इतकं करूनही पानात डाव्या बाजूला हिरव्या मिरचीचा ठेचा. नाकाडोळ्यांतून पाणी आल्याशिवाय जेवणारा जेवला असं त्या मानायच्या नाहीत. मिरची भिवापूरचीच लागायची.

एका रविवारी त्यांनी आपल्या वाटीतल्या रश्शात तांब्यातलं पाणी ओतलं. वझलवारांनी ते पाहिलं.

"ताई, हे काय?"

"काही नाही रे. जीभ सोलून निघाल्यासारखी होते. वय झालं."

"कधीपासून?"

"तू जेवताना पुस्तकातून डोकं वर काढशील त्या दिवशी सांगणार होते. आज काढलंस."

वझलवार उठले, हात धुऊन आले. म्हणाले, "तुझी तीन बोटं एकावर एक धर आणि उभी दातांमध्ये घाल."

"इथं? पाहुण्यासमोर?"

"पाचखेडे काय पाहुणे आहेत?"

"नाही, पण माणूस तर आहेत ना बापा!"

पण त्यांनी घातली. धड तोंडात तिन्ही जातात; त्यांची दोनच गेली. तिसरं दातांशी अडकलं. मी पानातल्या भाताकडे बघत राहिलो, कारण वझलवारांच्या चेहऱ्याकडे बघवेना. त्यांनी आयुष्य ज्या रोगावर घालवलं, तो त्यांच्या घरात येऊन जेवायला बसला होता.

मी डॉक्टर नाही. ऐकून ऐकून जे कळलं तेच सांगतो, आणि त्यातही चुकत असेन. गालाच्या आतल्या नाजूक कातडीखाली कोलॅजेन नावाचे तंतू असतात. ते एरवी सैल असतात, म्हणून गाल ताणला जातो, फुगवता येतो. या रोगात ते वाढतात, जाड होतात, एकमेकांना चिकटून बसतात. आधी तिखट सोसेनासं होतं, मग गाल दोरखंडासारखा कडक होतो, आणि तोंड हळूहळू मिटतं. माणूस जिवंत असतो, भूक असते, बोलायचं असतं, आणि दार बंद होत जातं.

वझलवारांनी दुसऱ्या दिवशी ताईंच्या गालातून मसुराएवढा तुकडा काढला. तो मेणात बसवून त्याचे पापुद्रे कापले, काचेवर लाल रंगात रंगवले. आमच्याकडे तेव्हा त्या कामाचा खास मायक्रोस्कोप नव्हता. त्यांनी सीताबर्डीवरच्या फोटोवाल्याकडून कॅमेऱ्याच्या दोन काळ्या काचा आणून साध्याच मायक्रोस्कोपला बसवल्या होत्या. एक काच फिरवली की बाकी सगळं अंधारात जायचं आणि फक्त कोलॅजेन उजळायचं.

"बघा," ते मला म्हणाले. ते मला नेहमी दाखवायचे. बहुधा मी काही विचारत नसे म्हणून.

अंधारात हिरवट पिवळ्या बारीक रेषा होत्या, आषाढात गवत उगवतं तशा विरळ. मधूनच एखादी नारिंगी.

"हिरवे ते कोवळे, सैल. नारिंगी-लाल दिसतात ते जाड, घट्ट बसलेले. अजून हिरवं जास्त आहे, पाचखेडे. अजून वेळ आहे." त्यांचा आवाज आनंदाने कापत होता. "तिखट आजपासून बंद."

त्या काळी पुष्कळ जाणकारांचा संशय मिरचीवर होता. सुपारीचं नाव घेणारेही काही होते. मीच ते लेख काढून दिले होते, आणि वझलवारांनी ते वाचलेही होते. पण ते म्हणायचे, सुपारी पूजेच्या ताटापासून लग्नाच्या मांडवापर्यंत सगळीकडे असते, सगळेच खातात, मग सगळ्यांना का होत नाही? मिरचीही सगळेच खातात, हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तरी मी बोललो असतो का, कोण जाणे. तपासणीच्या खोलीत रोग्याला विचारायचे, "काही व्यसन?" तंबाखूवाले मान खाली घालायचे. सुपारी खाणारे ठणकावून सांगायचे, "छे छे, कसलंच नाही!" त्यात कोणी खोटं बोलत नव्हतं. आमच्याकडे सुपारीला व्यसन म्हणतच नाहीत.

ताईंनी तिखट सोडलं. खरंच सोडलं. त्यांना ओळखणाऱ्या कोणालाही ते अशक्य वाटलं असतं. मिरच्यांचा डबा त्यांनी शेजारच्या घरी दिला, खलबत्ता घासून फळीवर उपडा घातला. रविवारी आता फिकं वरण, भात, दुधीची भाजी.

"पाचखेडेजी, जेवा. आजाऱ्याचं आहे, पण फुकट आहे."

"डॉक्टरांनी तरी तिखट खावं, ताई," मी म्हणालो. माझ्या मानाने ते भाषणच होतं.

"तो तिखट खाईल आणि मी बघत बसेन? तपश्चर्या आहे का माझी एवढी?"

जेवण झालं की त्या अडकित्ता घेऊन बसायच्या. पूर्वी सुपारीचं एखादं खांड तोंडात टाकायच्या. आता दिवसभर काही ना काही गालात असायचं. तोंडाला चव नाही, मग निदान हे, असं म्हणायच्या. वझलवारांना बहिणीचं वाईट वाटायचं. ते इतवारीतून तिच्यासाठी चिकणी सुपारी आणायचे, लाल, गुळगुळीत, वेलदोड्याचा वास असलेली. पुडी समोर ठेवून ते म्हणायचे, "तिखट काढून घेतलं, त्याची ही भरपाई."

"भाऊ असावा तर असा," ताई मला सांगायच्या. "एका हातानं हिसकतो, दुसऱ्यानं देतो."

दोन वर्षं अशी गेली. ताईंचं बोलणं बदललं. आधी लांबलचक गोष्टी आखूड झाल्या. मग शब्द दातांच्या फटीतून यायला लागले. पोळीचे तुकडे चिमणीच्या घासाएवढे झाले. संत्र्याची फोड त्या सोलून, चिरून खायच्या. गल्लीतली पोरं चेंडू घ्यायला बेधडक आत यायला लागली, आणि मला त्याचंच सगळ्यात वाईट वाटलं. तीन बोटांतलं आता एकच जात होतं.

वझलवारांनी दुसरा तुकडा काढला. मी त्या दिवशी त्यांच्या खोलीत एक जाड अंक द्यायला गेलो होतो. ते मायक्रोस्कोपवर वाकलेले होते आणि सरळ होत नव्हते. मग बाजूला झाले. मला जागा दिली.

सगळं पेटलेलं होतं. हिरवं कुठेच नाही. एका दिशेने विंचरल्यासारखे लाल-नारिंगी पट्टे, एकाला एक लागून, मध्ये सुई जाणार नाही इतके दाट. दिसायला फार सुंदर होतं. मला ते सुंदर वाटलं याची लाज वाटून मी डोळा काढला.

"दोन वर्षं मिरचीचं बोटही लावलं नाही," वझलवार म्हणाले. "मग हे कसं?"

त्यांनी काच फिरवून पुन्हा बघितलं.

"एकच अर्थ होतो, पाचखेडे. लावलं नाही, असं ती म्हणते."

एवढा हुशार माणूस. त्यांच्यासमोर दोन गोष्टी होत्या, पुस्तकातली एक आणि बहिणीचा शब्द. त्यांनी बहिणीचा शब्द खाली ठेवला.

त्या रविवारी मी नेमका तिथेच होतो. पानं वाढलेली होती.

"ताई, खरं सांग. चोरून तिखट खातेस?"

ताईंनी हातातली पळी ठेवली. "काय म्हणालास?"

"रागावणार नाही. शेजारी जातेस दुपारी. तिथं ठेचा असतो. स्लाइड खोटं बोलत नाही."

"आणि मी बोलते?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग काय म्हटलंस? तुझ्या त्या काचेला तोंड आहे, माझ्या तोंडाला नाही?" हे सगळं त्या दात न उघडता बोलत होत्या, म्हणून ओरडणं ओरडल्यासारखं होतच नव्हतं, वाफ कोंडल्यासारखं येत होतं. "तुला ताप आला नि तुझ्या उशाशी बसले, तेव्हा तुझ्या नाडीला विचारलं नाही मी. तू म्हणालास दुखतं, म्हणजे दुखतं."

"ताई, यात भावनेचा प्रश्न नाही..."

"नाहीच. जेव."

त्यानंतर ताईंनी भावाशी बोलणं सोडलं. ताट वाढायच्या, दिवा लावायच्या, पण बोलायच्या नाहीत. ज्या तोंडासाठी वझलवार झटत होते ते आता त्यांच्यापुरतं पूर्णच मिटलं. माझ्याशी मात्र बोलायच्या, मुद्दाम, भावाला ऐकू जाईल असं.

"पाचखेडेजी, तुमच्या लायब्ररीत एखादं पुस्तक असेल तर बघा. बहीण चोर आहे हे कसं ओळखावं, असं."

वझलवार ऐकायचे आणि पान उलटायचे. पण त्यांनाही चैन नव्हतं. पुराव्याशिवाय बहिणीला खोटं ठरवलं हे त्यांना खुपत होतं. म्हणून ते पुरावा शोधायला निघाले. तिखट जास्तीत जास्त कोण खातं? भिवापूरच्या मिरचीच्या सातऱ्यावरच्या, मिरची वाळवायच्या मैदानातल्या बाया. दिवसभर मिरचीची देठं खुडतात, मिरचीच श्वासात घेतात आणि दुपारी भाकरीशी मिरचीच खातात. त्यांची तोंडं मिटलेली असणार. ते दिसलं की ताईला पुढ्यात बसवून सांगता येईल. त्यांनी मला सोबत घेतलं. मी का गेलो? कोणी चल म्हटलं की मला नाही म्हणता येत नाही.

सातरा म्हणजे लाल मैदान. सगळीकडे वाळायला घातलेली मिरची, मध्ये ओळीने बसलेल्या बाया, तोंडाला पदर. एसटीतून उतरताच आम्हा दोघांना शिंका लागल्या आणि सगळ्या खिदळल्या.

"काहो डाक्टर, औषध आमाले द्यायले आले का सोताले घ्यायले?"

वझलवारांनी काम सांगितलं. तोंड उघडून दाखवायचं, आपलीच तीन बोटं उभी घालायची, बस.

"तोंड उघड म्हननारा पैला मानूस भेटला गं बाई," एक म्हातारी म्हणाली. तिचं नाव ठमाबाई. "आतापावतो सारे बंद कर, बंद कर, हेच म्हनत आले!"

तिने बोटं घातली. तीन गेली. तिने चौथंही घालून दाखवलं आणि वर डोळा मारला. गाल आतून गुलाबी, मऊ. पुढची. पुढची. मिरचीने बोटं लाल झालेल्या त्या बायांची तोंडं एकामागून एक मोकळी उघडत होती, आणि प्रत्येकीबरोबर वझलवारांचा चेहरा उतरत होता.

"मावशी, तिखट किती खाता?"

"आता कसं सांगू जी? भाकर कमी पडते, मिरची कमी पडत नाही."

तराजूपाशी एक बाई सावलीत बसली होती. तिची दोन बोटंही धड गेली नाहीत.

"हिला होतो तिखटाचा त्रास?" वझलवारांनी घाईने विचारलं. त्यांच्या आवाजात आशा होती. मला ती ऐकू आली.

"पार्बताबाईले? तिनं कई साल झाले मिरची सोडली ना जी," ठमाबाई म्हणाली. "तोंड जयते म्हन्ते. अळनी खाते पाटलिनीवानी."

"मग दिवसभर तोंडात काय असतं?" तिने गालात काही तरी धरलेलं बघून वझलवारांनी विचारलं.

पार्बताबाईने कमरेचा बटवा सोडून पुढे धरला. त्यात कातरलेली सुपारी होती. "काई नाई जी," ती दातांतून म्हणाली. "येसन नाई मले कोनतंच. इथं घसा सुकते, म्हून हे धरतो."

तो आवाज. दात न उघडता बोललेला तो आवाज मी ओळखला, आणि वझलवारांनीही ओळखला. त्यांनी बटव्यातलं एक खांड उचललं, तळहातावर ठेवलं. मग त्यांनी पुन्हा ओळीच्या सुरुवातीपासून प्रत्येकीला विचारलं, पण यावेळी तिखटाचं नाही. ठमाबाई आणि तिच्यासारख्या बऱ्याच जणी सुपारी खात नव्हत्या. ज्या दोन-तीन बायांची तोंडं आखडली होती, त्या सगळ्यांच्या कमरेला बटवा होता.

मूठभर बायांवरून काही सिद्ध होत नाही, हे ते स्वतःच विद्यार्थ्यांना शिकवायचे. परतताना एसटीत मी तसं म्हणूनही पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ती खोटं बोलत नव्हती."

मग, "सुपारी मी आणत होतो, पाचखेडे. निवडून आणत होतो."

मला त्या वेळी काही तरी बोलायला हवं होतं. इतकी पुस्तकं वाचली, त्यात असल्या वेळी म्हणायचं एखादं वाक्य असायला हवं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा ताई ओसरीवर होत्या, पुढ्यात अडकित्ता आणि डबा. वझलवार चपला न काढता त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांच्या हातातून अडकित्ता काढून घेतला.

"ताई, तिखट नव्हतंच. हे होतं."

त्यांनी सगळं सांगितलं, खालमानेने, परीक्षेत नापास झालेलं पोर सांगतं तसं. ताई ऐकत होत्या. गालातलं खांड त्यांनी बोटाने काढायचा प्रयत्न केला; बोट नीट जाईना; मग जिभेने पुढे आणून ते ओंजळीत थुंकलं.

"म्हणजे मी खोटी नव्हते."

"नव्हतीस."

"एवढं तर काच न बघता कळायला पाहिजे होतं तुला," त्या म्हणाल्या. कित्येक महिन्यांनी त्या भावाशी बोलत होत्या. रागावून नाही, तेच मला जड गेलं. मग त्यांनी डबा भावाकडे सरकवला. "ने. घरातून आणखी काय काय न्यायचं राहिलं ते आजच ने. रोज रोज नको."

"तोंड आता उघडेल का रे?" ताईंनी विचारलं.

वझलवारांनी अडकित्ता मिटून बाजूला ठेवला. लाल पट्टे पुन्हा हिरवे झालेले त्यांनी कधी पाहिले नव्हते, आणि बहिणीशी खोटं बोलायची आता त्यांची छाती नव्हती.

"बरं," ताई म्हणाल्या.

तिखटामुळेच हा रोग होतो असा एक लेख वझलवारांनी लिहून ठेवला होता, तो त्यांनी कुठेच पाठवला नाही. तपासणीच्या खोलीत मात्र एक बदल झाला. व्यसन हा शब्द उच्चारायचा नाही, असं त्यांनी विद्यार्थ्यांना बजावलं. सुपारी खाता का, एवढंच सरळ विचारायचं. पोरांना ते विचित्र वाटायचं, पण उत्तरं बदलली.

पुढच्या रविवारी मी गेलो तर स्वयंपाकघरातून ठोकण्याचा आवाज येत होता. फळीवरचा खलबत्ता खाली आला होता आणि वझलवार त्यात हिरव्या मिरच्या कुटत होते. आयुष्यात पहिल्यांदाच कुटत असावेत; निम्म्या मिरच्या बाहेर उडत होत्या. ताई पाटावर बसून बघत होत्या.

"लसूण घाल," दातांतून आवाज आला. "अरे सोलून घाल!"

ठेचा झाला. ताईंनी करंगळीच्या टोकावर अगदी कणभर घेतला आणि ओठांच्या फटीतून जिभेला लावला. त्यांचा चेहरा आक्रसला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. दोन्ही हात पाटाच्या कडेला घट्ट. वझलवार पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाले, तर त्यांनी तो हाताने दूर केला. ती आग त्यांनी पूर्ण होऊ दिली. ज्या चवीसाठी त्या दोन वर्षं थांबल्या होत्या ती त्यांना मिळाली की नाही, मला कळलं नाही. मला वाटतं, नाहीच मिळाली. त्यांच्यासाठी आता त्यात नुसती आग होती.

"कसा झाला?" वझलवारांनी विचारलं.

"मीठ कमी."

वझलवार हसायला गेले आणि ते हसणं मध्येच मोडलं. त्यांनी डोळे पुसले, मिरचीच्या हातांनी, आणि कळवळून उठले. काही दिसेना म्हणून भिंत धरून मोरीकडे चाचपडायला लागले. मी त्यांना धरायला उठलो.

"आधी हात धू," मागून ताई म्हणाल्या. "मग रड."